शिंकलं की लघवी होते… ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि फिजिओथेरपी

वळणवाट (धागाकर्ती)

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मला गरज होती तेव्हा कुणी मराठीत असं सरळ लिहिलेलं सापडलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते, म्हणून लिहितेय. विषय लघवीवर ताबा न राहण्याचा आहे, थोडा शरीरसंबंधांबद्दलही आहे. कुणाला संकोच वाटला तर धागा सोडून द्यावा, अजिबात राग नाही.

माझं वय ४१. धाकट्याच्या वेळी नॉर्मल डिलिव्हरी झाली, टाके पडले होते. चारेक महिन्यांनी एकदा जोरात शिंक आली आणि कपडे ओले झाले. अंग अजून भरून यायचंय, होईल बरं, असं म्हणून सोडून दिलं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. शिंकेच्या जोडीला खोकला आला, मग पोराला कडेवर उचलणं आलं, मग जिना भराभर उतरणं आलं. बाहेर पडताना पॅड लावायची सवय झाली. कपडे गडद रंगाचेच घ्यायचे. कुठेही गेलं की आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवायचं. निघताना ‘एकदा जाऊन येते’, पोचल्यावर परत ‘एकदा जाऊन येते’. मुलं उड्या मारायला बोलवायची तेव्हा आई दमलीय म्हणून मी बसून राहायचे. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

एकदा आईजवळ विषय काढला. ती म्हणाली, “दोन बाळंतपणं झाली की होतंच गं.” आणि जरा थांबून म्हणाली, “मलाही होतं.” तीस वर्षं! तीस वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी जे कुणीही करेल तेच केलं, व्हिडिओ शोधले. सगळीकडे एकच सल्ला, केगल करा. लघवी रोखतो तसं आवळा, दहा मोजा, सोडा. मी जिद्दीने दिवसाला शंभर-शंभर केले, बसल्या जागी, रांगेत उभी असताना, झोपायच्या आधी. तीन महिन्यांत गळती तसूभर कमी झाली नाही. उलट माकडहाडापाशी दुखायला लागलं, लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागायला लागला आणि संबंधांच्या वेळी इतकं दुखायचं की मी ते टाळायलाच लागले. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली, जंतुसंसर्ग वगैरे काही नव्हता. म्हणाल्या, पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. फिजिओ म्हणजे गुडघे आणि पाठ एवढंच मला माहीत होतं.

पहिली भेट तासाभराची होती, त्यातला निम्मा वेळ नुसतं बोलणं. किती वेळा लघवीला जाता, रात्री किती वेळा उठता, पोट साफ होतं का, टाके कुठे पडले होते, कुठे दुखतं, श्वास कसा घेता. इतके प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते. मग त्यांनी ओटीपोटाच्या सांगाड्याचा प्लॅस्टिकचा नमुना हातात देऊन स्नायू दाखवले, आतून तपासणी कशी करणार ते सांगितलं, आणि “नको वाटलं तर आज नाही करायची, मधेच थांबवावंसं वाटलं तरी फक्त हात वर करा” असंही सांगितलं. हातमोजा घालून एका बोटाने तपासणी झाली. आवळायला सांगितलं, सोडायला सांगितलं. आवळणं थोडंफार जमलं. सोडणं मला येतच नव्हतं.

त्या म्हणाल्या, “तुमचे स्नायू ढिले नाहीत, आखडलेत. मूठ सतत वळलेलीच आहे. वळलेल्या मुठीला अजून वळ म्हटलं तर ती काय वळणार? शिंक येते त्या क्षणी आवळायला जागाच उरलेली नसते.”

पहिले सहा आठवडे एकही केगल नाही! उताणं झोपून, गुडघे वाकवून पोटात खोल श्वास घ्यायचा आणि श्वास आत येताना खालचा तळ हळूच खाली उतरू द्यायचा. एवढंच, दिवसातून दोनदा दहा मिनिटं. टाक्यांच्या व्रणाला मसाज कसा करायचा ते त्यांनी शिकवलं. तीन दिवसांची लघवीची डायरी लिहायला लावली, मापाच्या कपासह. त्यात कळलं की मी दिवसाला १४ वेळा जात होते आणि बऱ्याचदा १०० मिलीसुद्धा होत नव्हती. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिली सहज मावते, दिवसाला सहा ते आठ वेळा जाणं पुरेसं असतं. माझं ‘एकदा जाऊन येते’ हेच मूत्राशयाला रिकामं असतानाही हाका मारायला शिकवत होतं.

सातव्या आठवड्यापासून ताकदीचे व्यायाम सुरू झाले. आज पाच महिने झालेत. परवा सर्दीत एकामागून एक सहा शिंका आल्या, एकदाच थेंबभर गळलं. दुखणं जवळजवळ गेलंय. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही, पण गेल्या महिन्यात मुलांबरोबर उड्या मारल्या.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर लिहा. नवीन आयडी घेऊन लिहिलं तरी चालेल.

पाऊलठसा

वळणवाट, लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी चार वर्षं पॅड लावतेय आणि हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय. माझं सिझर झालं होतं, त्यामुळे मला हे होणारच नाही असं मी धरून चालले होते. सिझरनंतरही होतं का?

उभादोरा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेली काही वर्षं हेच काम करते. धागा वाचून फार बरं वाटलं, कारण आमच्याकडे येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा “हे तुम्हाला कसं सांगू” असंच असतं.

पाऊलठसा, हो, सिझरनंतरही होतं. नॉर्मल डिलिव्हरीत डोकं बाहेर येताना या स्नायूंचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, तो ताण सिझरमध्ये वाचतो आणि धोका कमी होतो हे खरं. पण नऊ महिने वाढत्या गर्भाचं वजन त्याच तळावर असतं, संप्रेरकांमुळे ऊती मऊ होतात, पोटाचा पुढचा भाग ताणला जातो. त्यामुळे सिझर म्हणजे पूर्ण संरक्षण नाही. आणि बाळंतपण झालेलंच नाही अशा मुलींनाही होतं, विशेषतः उड्यांचे खेळ खेळणाऱ्यांना.

आता थोडी रचना सांगते, कारण ती डोळ्यांसमोर आली की व्यायाम सोपा होतो. पुढचं जघनास्थी, मागचं माकडहाड आणि दोन्ही बाजूंची बसायची हाडं, या चौकटीत स्नायूंचा एक झोळा बांधलेला आहे. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय त्याच्यावर विसावतात आणि त्यांचे मार्ग त्यातूनच बाहेर पडतात. म्हणजे या स्नायूंना दोन उलटी कामं करायची असतात, दिवसभर धरून ठेवायचं आणि वेळ आली की पूर्ण सोडायचं. वर श्वासपटल (छाती आणि पोट यांच्या मधला श्वासाचा स्नायू), खाली हा झोळा, पुढे पोटाचा सर्वांत आतला स्नायू, मागे मणक्याजवळचे बारीक स्नायू, ही चौघांची एक टीम आहे. श्वास घेतला की श्वासपटल खाली येतं, झोळाही किंचित खाली जातो. श्वास सोडला की दोघंही वर येतात. म्हणूनच वळणवाट यांच्या फिजिओने श्वासापासून सुरुवात केली. श्वास कोंडून आवळणाऱ्या बायका खरं तर खाली ढकलत असतात.

केगलबद्दल एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. अर्नोल्ड केगल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले. पण त्यांच्या पद्धतीत हवेच्या दाबावर चालणारं एक उपकरण होतं. ते योनिमार्गात ठेवलं की आपण किती आवळतोय ते बाईला तबकडीवर डोळ्यांनी दिसायचं. आधी तपासणी, मग उपकरणावर बघत सराव अशी त्यांची रीत होती. पुढे जगाने व्यायाम उचलला आणि तपासणी मागेच राहिली. १९९१ साली एका अभ्यासात ४७ बायकांना फक्त तोंडी सूचना देऊन केगल करायला सांगितले आणि मोजलं. जेमतेम निम्म्यांना ते नीट जमलं, आणि चौथा हिस्सा बायका असं काही करत होत्या की त्याने गळती वाढण्याचीच शक्यता होती. यात त्या बायकांची चूक कसली? न दिसणारा स्नायू, कधी कुणी नावही सांगितलेलं नाही.

दिवेलागण

थोडं वेगळं मत मांडते, कृपया राग मानू नका. आमच्या आधीच्या पिढ्यांनी पाच-सहा बाळंतपणं केली, त्यांना कुठे होत्या थेरप्या? वयानुसार शरीर बदलतं, ते स्वीकारायला नको का? प्रत्येक गोष्टीला आजार म्हटलं की नसलेली काळजी मागे लागते.

वळणवाट

दिवेलागण, राग नाही. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते. पण आधीच्या पिढीला त्रास नव्हता हे आपल्याला कसं कळणार? माझी आई माझ्याच घरात होती आणि मला पत्ता नव्हता. तिने गावाला जायचं कमी केलं, पाणी कमी प्यायला लागली, नातवंडांना उचलणं बंद केलं. आम्हाला वाटलं, वय झालं. तिने ते स्वीकारलं नव्हतं, ती गप्प बसली होती.

उभादोरा

दिवेलागण, तुमचा मुद्दा एका बाबतीत बरोबर आहे. कुणाला वर्षातून एकदा थेंबभर गळलं आणि त्याचं काही वाटत नसेल तर मागे लागायचं कारण नाही. पण खूप जणींना होतं म्हणून ते ठीक आहे असं होत नाही. दात खूप जणांचे किडतात, तरी आपण दाताच्या डॉक्टरांकडे जातोच.

आणि उपाय खरोखर लागू पडतो. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था, तिच्या २०१८ सालच्या आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. खोकताना-शिंकताना गळणाऱ्या ज्या बायकांनी या स्नायूंचा व्यायाम केला त्यांच्यातल्या साधारण ५६ टक्के जणींनी गळती थांबली असं सांगितलं. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होतं. औषध नाही, चिरफाड नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते की या प्रकारच्या गळतीत आधी देखरेखीखाली किमान तीन महिने व्यायाम, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचनं. तीन महिने हे मी मुद्दाम ठासून सांगते. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या फार आहेत. स्नायू आहे तो, दंडाच्या स्नायूलाही तेवढा वेळ द्यावाच लागतो.

सावकाशचाल

मी पुरुष आहे, वय ६७. इथे लिहावं की नाही या विचारात दोन दिवस गेले. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दीड वर्षापूर्वी ग्रंथी काढली. लघवीची नळी काढल्यावर खुर्चीतून उठलं तरी लघवी व्हायची. ऑपरेशनची मनाची तयारी होती, याची नव्हती. मोठ्या माणसांचे डायपर आणायला मुलाला सांगताना काय वाटलं ते सांगता येणार नाही.

सर्जननेच फिजिओकडे पाठवलं. तिथल्या मुलीने इतक्या साधेपणाने समजावलं की लाज गेली. ती म्हणाली, काका, प्रोस्टेटबरोबर वरची झडप गेली, आता सगळा भार खालच्या झडपेवर आणि या स्नायूंवर आहे, त्यांना शिकवायचंय. मला ढुंगण आवळायची सवय लागली होती, ती आधी मोडली. आरशासमोर उभं राहून लिंगाचं मूळ आत ओढल्यासारखं आणि अंडकोष किंचित वर उचलल्यासारखं करायचं, तेव्हा नेमकी जागा कळली. मग तेच बसता-उठताना. उठायच्या आधी आवळ, मग ऊठ. तिसऱ्या महिन्यात दिवसाला दोन पॅड, नवव्या महिन्यात एक पातळ, आता लांबच्या प्रवासालाच लावतो, तेही मनाच्या समाधानासाठी.

कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच जाऊन व्यायाम शिकून घ्या. ऑपरेशननंतर सगळं दुखत असताना न दिसणारा स्नायू शोधणं फार अवघड जातं.

पाऊलठसा

काका, तुम्ही लिहिलंत हे खूप मोठं आहे. माझ्या सासऱ्यांचं हेच ऑपरेशन झालंय आणि ते तेव्हापासून घराबाहेर पडत नाहीत. त्यांना तुमचा प्रतिसाद वाचायला देते.

अनामिक०७

मुद्दाम नवीन आयडी घेतलाय. लग्नाला तीन वर्षं झाली. आमच्यात अजून संबंध होऊ शकलेले नाहीत. प्रयत्न केला की भिंत आडवी आल्यासारखं होतं, आग होते, माझे पाय आपोआप जवळ येतात. एका डॉक्टरांनी “जरा रिलॅक्स व्हा, मनावर घेऊ नका” म्हणून परत पाठवलं. नवरा समजूतदार आहे, पण आता आम्ही दोघंही त्या विषयावर बोलत नाही. वळणवाट यांनी ‘सोडता येत नव्हतं’ लिहिलंय ते वाचून हात थरथरायला लागले. हे तेच असेल का?

उभादोरा

अनामिक, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ तशीच बसले. तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण तुम्ही वर्णन करताय ते आमच्या ओळखीचं आहे. आत काही जाणार असं वाटलं की हे स्नायू आपोआप घट्ट मिटतात, याला व्हजायनिस्मस म्हणतात. डोळ्यासमोर हात आला की पापणी मिटते ना, तसंच. पापणीला रिलॅक्स हो म्हणून ती ऐकत नाही. तुम्ही काही चुकीचं करत नाही आहात, तुमच्या प्रेमातही काही कमी नाही.

यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. पहिल्या काही भेटींत आतून तपासणी होईलच असं नाही, नीट फिजिओ तो विषय तुमच्यावर सोडेल. आधी श्वास, मांड्या आणि नितंबांचे स्नायू मोकळे करणं, स्वतःचं शरीर आरशात बघून ओळखणं, मग स्वतःच्या बोटाचा नुसता स्पर्श, मग अगदी बारीक आकारापासून वाढत जाणारे डायलेटर (योनिमार्गात ठेवायच्या गुळगुळीत कांड्या), तेही तुमच्या हातात, तुमच्या वेगाने. दुखलं की थांबायचं, दात-ओठ खाऊन पुढे जायचं नाही, नाहीतर मेंदू परत तीच भीती शिकतो. सोबत समुपदेशक असेल तर फारच चांगलं. तोवर संबंधांचा प्रयत्न पूर्ण थांबवा असं मी जोडप्यांना सांगते. त्यानेच निम्मा ताण उतरतो. आणि एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून त्वचेचा काही त्रास, संसर्ग, जाड पडदा वगैरे नाही ना हे बघून घ्या. “रिलॅक्स व्हा” म्हणणाऱ्यांकडे परत जाऊ नका, दुसरे डॉक्टर शोधा.

अनामिक०७

रडतेय, पण बरं वाटतंय. नवऱ्याला हा धागा दाखवला.

भरतीओहोटी

माझा प्रकार वेगळा आहे. शिंकताना काही होत नाही, पण घराच्या कुलपात किल्ली घातली की एकदम अशी कळ येते की बाथरूमपर्यंत पोचत नाही. नळाचा आवाज आला तरी तेच. पाणी पिणं निम्म्यावर आणलंय, तरी फरक नाही.

उभादोरा

भरतीओहोटी, ही घाईची गळती. यात मूत्राशयाचा स्नायू भरायच्या आधीच आकुंचन पावतो, आणि किल्ली, नळ, थंड फरशी या खुणा त्याला पाठ झालेल्या असतात. पाणी तोडू नका. लघवी गडद झाली की मूत्राशयाला आतून टोचते आणि बद्धकोष्ठ होतं, दोन्हींनी घाई वाढते. चहा, कॉफी मात्र कमी करून बघा.

कळ आली की धावत सुटायचं नाही. जागच्या जागी थांबा, शक्य असेल तर बसा, पाच-सहा वेळा पटपट आवळा-सोडा करा. हे स्नायू आवळले की मूत्राशयाला शांत व्हायचा निरोप जातो, ती लाट ओसरते. मग चालत जा. लाट ऐन भरात असताना पळणं हीच गळायची वेळ. दोन वेळांमधलं अंतर आत्ता तासाचं असेल तर सव्वा तास करा, जमलं की दीड. किमान सहा आठवडे चिकाटीने. पाळी गेलेली असेल तर योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल डॉक्टरांना विचारा, त्यानेही घाई कमी होते.

सांजपाखरू

आईसाठी विचारतेय. वय ६२, संध्याकाळी काहीतरी खाली उतरल्यासारखं वाटतं, आंघोळ करताना हाताला गोळा लागतो. अंग बाहेर येतंय म्हणते. एका ठिकाणी लगेच पिशवी काढायला सांगितलंय. व्यायामाने परत वर जाईल का?

उभादोरा

सांजपाखरू, खोटी आशा दाखवणार नाही. तुटलेले, ताणलेले बंध व्यायामाने परत विणले जात नाहीत. पण अंग किती उतरलंय यावर खूप अवलंबून आहे. योनीच्या तोंडाच्या आत किंवा जेमतेम तोंडापर्यंत असेल तर व्यायामाने ओढल्यासारखं वाटणं, जडपणा, लघवीचा त्रास बराच कमी होतो. २०१४ सालच्या ४४७ बायकांच्या चाचणीत हे दिसलंय. पूर्ण बाहेर येत असेल तर व्यायाम एकटा पुरणार नाही. तिथेही लगेच ऑपरेशन हाच एक मार्ग नसतो. पेसरी म्हणून सिलिकॉनची रिंग मिळते, ती आत बसवली की अंग वर धरून ठेवते, बऱ्याच जणी वर्षानुवर्षं तिच्यावर छान राहतात. ऑपरेशन करायचंच ठरलं तरी आधी आणि नंतर हे स्नायू तयार असणं चांगलं. दुसरं मत नक्की घ्या. आणि आईंना खोकला, बद्धकोष्ठ असेल तर तो आधी आटोक्यात आणा, नाहीतर रोज वरून दाब पडतच राहील.

दोनओळी

बद्धकोष्ठाचा विषय निघाला म्हणून विचारतो. मी तासभर बसतो, जोर लावतो, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली, सगळं ठीक आहे. याचाही या स्नायूंशी संबंध असू शकतो?

उभादोरा

नक्कीच असू शकतो. या झोळ्यातला एक स्नायू गुदाशयाला मागून फासासारखा वेढा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे नळी वाकलेली राहते. शौचाच्या वेळी तो सुटला की बाक सरळ होतो. काही जणांचा तो सुटायच्या ऐवजी आवळतो, म्हणजे दार लावून धक्का मारल्यासारखं. पायांखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, कोपरं मांड्यांवर टेकवा, पोट फुगवून हळूहळू श्वास सोडत खाली जाऊ द्या, कुंथू नका. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा. यानेही फरक पडला नाही तर बायोफीडबॅक करणारा फिजिओ शोधा. स्नायू आवळतोय की सुटतोय ते पडद्यावर दिसतं आणि माणूस पटकन शिकतो.

पाऊलठसा

खोकल्याच्या वेळी नेमकं काय करायचं ते कुणी सांगेल का? आत्ता सर्दी झालीय म्हणून घाईने विचारतेय!

वळणवाट

मला शिकवलेलं सांगते. शिंक येणार हे आपल्याला क्षणभर आधी कळतं ना, त्या क्षणात मागचा आणि पुढचा मार्ग मिटून आत-वर उचलायचं, शिंक जाईपर्यंत धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं. ‘आधी उचल, मग शिंक’ असं मी मनात म्हणायचे. सुरुवातीला नुसता खोटा खोकला काढून सराव केला. तीनेक आठवड्यांनी ते आपोआप व्हायला लागलं. पण तुझे स्नायू माझ्यासारखे आखडलेले असतील तर आधी सोडायला शिकावं लागेल, म्हणून एकदा दाखवून घे गं.

उभादोरा

बरोबर. दोन गोष्टी राहिल्या. लघवीची धार मधेच रोखून रोज व्यायाम करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं व्हायची सवय मोडते. आणि वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. २००९ सालच्या एका अमेरिकन चाचणीत सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलेल्या बायकांची आठवड्याची गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली. दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली होती, तिथे २८ टक्क्यांनी.

हे मात्र फिजिओची वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं : लघवीत रक्त, ताप आणि जळजळ, पाळी गेल्यावर रक्तस्राव, लघवी अजिबात न होणं. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली शक्ती गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा एकदम सुटला तर त्याच तासाला इस्पितळ गाठा. तिथे मज्जातंतू दाबले गेलेले असू शकतात.

दिवेलागण

पूर्ण धागा परत वाचला. मी वर लिहिलं ते मागे घेते असं नाही, पण एक सांगायचंय. मलाही होतं. आठ वर्षं. अपॉइंटमेंट घेतलीय. पाळी अजून चालू आहे, तारीख नेमकी त्या दिवसांत येतेय, तर जावं की पुढे ढकलावं?

उभादोरा

जा. फोन करून आधी सांगून ठेवा. आतली तपासणी पुढच्या भेटीत होईल, पहिल्या भेटीत बोलणं, श्वास, पाठ आणि पोट बघणं एवढं काम भरपूर असतं.

वळणवाट

दिवेलागण, खूप बरं वाटलं. जाऊन आलात की लिहा.

इकडे आईला हा धागा वाचून दाखवला, काकांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. मग काही बोलली नाही. आज सकाळी स्वयंपाकघरातला मापाचा जुना कप दिसेना म्हणून शोधत होते, तर तो बाथरूममध्ये होता आणि बाजूला वही. तिच्या अक्षरात पहिली नोंद, ‘सकाळी ६.१०, १२० मिली’. मंगळवारी दोघी जातोय.